आकडा यंत्राचा, जाण घराची



आमच्या दवाखान्यात सोमवारी गर्दी जास्त असते. शनिवार-रविवार पाहुण्यारावळ्यांत आणि शेतातल्या कामात जातो, दुखणे अंगावर काढले जाते, आणि सोमवारी सकाळची पहिली एस.टी. धरून माणसे नगरला येतात. मी केसपेपरच्या टेबलाशी असो की इंजेक्शनच्या खोलीत, पहिल्या तासाभरात तीन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले, "सिस्टर, लई अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका." दुसरे, "डॉक्टरसाहेबांना म्हणावं, मोठ्या मशिनीत घालून एकदाच समदं बघून घ्या." आणि तिसरे, "घरी मशिन हाये, बी.पी. नॉर्मल येतोय, म्हणून गोळी बंद केली."

पहिली दोन वाक्ये ऐकून मी हसते आणि समजूत घालते. तिसऱ्या वाक्याला मात्र आता हसू येत नाही. का येत नाही, तेच आज सांगायचे आहे. पण आधी सलाईनचे बघू, कारण दुखण्याचे मूळ एकच आहे.

नेहमीच्या साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत असते काय? निर्जंतुक पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. आपल्या घरच्या चहाच्या चमच्याने सपाट एक चमचासुद्धा नाही. दुसरी एक ग्लुकोजची बाटली असते, पाच टक्क्यांची. तिच्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे सपाट पाच-सहा चमचे. ज्वारीच्या एका भाकरीत याहून अधिक ताकद असते, आणि सोबत मटकीची उसळ असली तर बोलायलाच नको. तरी माणूस भाकरी टाकून बाटलीला पैसे मोजतो. बाटली उंच टांगलेली असते, नळीतून थेंब थेंब उतरत असतो, पाहुणे बघायला येतात. उपचार झाल्यासारखा वाटतो.

सलाईन वाईट आहे असे मी म्हणत नाही. जुलाब-उलट्यांनी ज्याचे डोळे खोल गेले, ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही, ज्याचे रक्त गेले, ज्याचे ऑपरेशन आहे, त्याला तीच बाटली जीवदान देते. पण स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या, पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला तिचा काय उपयोग? त्याच्या अशक्तपणामागे रक्त कमी असेल, साखर वाढली असेल, महिनाभराचा खोकला असेल, नाहीतर नुसते जागरण असेल. ते कारण शोधायचे सोडून बाटली लावली, की दुखणे झाकले जाते एवढेच.

१९७१ सालची एक गोष्ट सांगते. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि त्यांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा त्यांनी मीठ आणि साखरेचे मोजून केलेले पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या आई-बापांच्या, भावाबहिणींच्या हाती पेले दिले. पाजत राहा म्हणाले. मरणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आज खेडोपाडी ओ.आर.एस.ची पुडी मिळते तिच्यामागे हे काम आहे. २०२२ साली ते वारले आणि २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. पुडी घरात नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मोजून, अंदाजाने नव्हे.

यातली माझ्या मनात बसलेली गोष्ट अशी, की औषध डॉक्टरांचे होते पण पाजणारे हात घरचे होते. हे वाक्य ध्यानात ठेवा. आता माझ्याच घरची गोष्ट.

मला या नोकरीत तीस वर्षे होत आली. माझे सासर पाथर्डी तालुक्यातले, कोरडवाहू गाव. जिल्ह्याच्या उत्तरेला पाटपाणी आणि ऊस, आमच्याकडे बाजरी, तूर आणि दोन-चार गाई. माझे चुलत सासरे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, गावातले कष्टाळू माणूस. तीन वर्षांपूर्वी गावात तपासणीचे शिबिर झाले, त्यात त्यांचा रक्तदाब १७०/१०० निघाला. दुखत काहीच नव्हते. डोके नाही, छाती नाही. आरोग्य केंद्रातून रोज एक गोळी सुरू झाली. तात्यांनी ती वर्षभर नेमाने घेतली.

त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. दिवाळीला त्याने रक्तदाब मोजायचे यंत्र आणले. बटण दाबले की पट्टा फुगतो, आकडे दिसतात. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पाऱ्याची नळी असलेले उभे यंत्र होते, कानाला नळ्या लावून ठोका ऐकावा लागे. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची नावाच्या डॉक्टरांनी १८९६ साली काढली आणि ठोका ऐकून वरचा-खालचा आकडा ओळखायचे १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी दाखवले. त्यासाठी शिकलेला कान लागत असे. आता पोर बटण दाबते आणि आकडा येतो. ही मोठीच सोय झाली, यात शंका नाही.

वैशाखात गावच्या यात्रेला मी गेले होते. तात्यांनी मला मुद्दाम बोलावून यंत्र दाखवले. पट्टा बांधला, बटण दाबले आणि आकडा माझ्यापुढे धरला. "बघ सूनबाई, १२६ वर ८०. तुमच्या डॉक्टरला तरी येतो का येवढा?"

मी म्हटले, "छान आहे की तात्या!" आणि आत बायकांत चहाला निघून गेले.

तात्यांनी त्या 'छान आहे'चा अर्थ आपल्या परीने लावला. नर्स असलेल्या सुनेने छान म्हटले, म्हणजे दुखणे गेले. त्यांनी गोळी बंद केली. पुढचे चार दिवस मोजून पाहिले. गोळीचा असर एका दिवसात उतरत नाही, त्यामुळे आकडा बराच बरा आला. मग खात्रीच झाली. पुढे यंत्रातले सेल भिंतीवरच्या घड्याळात गेले आणि यंत्र कपाटावर गेले.

श्रावणातली सकाळ. साडेपाचला तात्या धार काढत होते. उजव्या हातातली चरवी सुटली, दूध सांडले. गाईने लाथ मारली असेल म्हणून काकी धावत आल्या, तर तात्यांचे तोंड एका बाजूला ओढलेले आणि बोलणे बोबडे.

पुढे काय झाले ते मी नंतर एकेकाकडून जुळवून घेतले. कोणी म्हणाले, अंगावरून वारे गेले, आधी तेल चोळा. तेल गरम झाले, अर्धा-पाऊण तास चोळणे झाले. एका पोराने मोबाईलवर आलेले चित्र दाखवले, दाही बोटांना सुई टोचून रक्त काढा म्हणजे माणूस उठून बसतो. तेही झाले. मग दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून शेजारच्या गावी नाकात पाल्याचा रस घालणाऱ्याकडे नेले. तिथे नंबर होता. नऊ वाजता तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात आणले, आणि आपल्याच माणसांनी तिथे धोशा लावला, आधी सलाईन लावा. साडेनऊला कोणाला तरी माझी आठवण झाली. मी फोनवर ओरडलेच, "काही लावू नका, आहे तसे निघा!" अकरा वाजता तात्या नगरला आमच्या दारात होते.

आता ते मोठे मशिन. सी.टी. स्कॅन. लकवा दोन तऱ्हेने होतो. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकते, नाहीतर शीर फुटून रक्त पसरते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि उपचार अगदी उलट. गुठळी असेल तर ती विरघळवायचे इंजेक्शन असते. शीर फुटलेली असताना तेच इंजेक्शन दिले तर माणूस हाती लागत नाही. कितीही थोर डॉक्टर असो, नुसत्या नाडीवरून खात्रीने सांगू शकत नाही. ते सांगते यंत्र, आणि काही मिनिटांत सांगते. म्हणून माझ्यासारखीला कोणी यंत्रांची वैरीण म्हणू नये.

तात्यांना गुठळी निघाली. डॉक्टरांनी विचारले, "सुरू कधी झालं?" काकी म्हणाल्या, "धारा काढताना. साडेपाचला." डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले आणि ते गप्प झाले. ते इंजेक्शन लक्षण दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. दहा वाजताच ती वेळ सरली होती. यंत्र जागेवर होते, इंजेक्शन कपाटात होते, डॉक्टर हजर होते. एक तास कमी पडला. आणि तो रस्त्यावर गेला नव्हता, तेलात, सुईत आणि पाल्याच्या रसात गेला होता.

वेळ टळली म्हणून कोणी दवाखान्यात यायचे थांबू नये, हेही इथेच सांगते. पुढचे उपचार असतात, दुसरा झटका टाळता येतो, व्यायामाने पुष्कळ सुधारणा होते. काही निवडक रोग्यांची गुठळी मोठ्या दवाखान्यात नंतरही काढता येते. तात्या वाचले. काठी घेऊन चालतात, बोलणे समजते. पण उजवी मूठ वळत नाही. पन्नास वर्षे ज्या हाताने धार काढली तो हात आता मांडीवर ठेवलेला असतो.

गावात सगळे सुई टोचणाऱ्या पोराला बोल लावतात. मी लावत नाही. त्याच्या परीने तो जीव वाचवायलाच धावला होता. चूक माझी होती. तीस वर्षे मी दुसऱ्यांचे रक्तदाब मोजले आणि घरच्या माणसाजवळ दोन मिनिटे बसले नाही. 'हा आकडा तुमचा नाही तात्या, गोळीचा आहे,' एवढे एक वाक्य बोलायचे होते. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. १२६ म्हणजे १२६च. पण आकड्याचा अर्थ सांगणे यंत्राचे काम नव्हते, ते माझे होते.

त्या दिवसांत रात्रपाळीला बसल्या बसल्या मला एक साल पुन्हा पुन्हा आठवे. १९७९. त्या वर्षी दोन बक्षिसे दिली गेली. एक नोबेल, सी.टी. स्कॅनच्या शोधासाठी, इंग्लंडचे हाउन्सफील्ड आणि अमेरिकेतले कॉर्मॅक यांना. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिला रोगी लंडनमध्ये १९७१ साली तपासला गेला होता. आणि दुसरे बक्षीस, मॅगसेसे पुरस्कार, आपल्या जिल्ह्यातल्या जामखेडला आले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याला. एका बाजूला माणसाच्या डोक्यात डोकावणारे यंत्र, दुसऱ्या बाजूला खेड्यातल्या बायका. दोन्ही कामे एकाच काळात सुरू झालेली, आणि दोन्हींचा मान एकाच वर्षी झाला.

जामखेडची हकीगत थोरामोठ्यांना माहीत असेल, पण पोरासोरांना सांगायला हवी. आरोळे पती-पत्नी वेल्लोरला डॉक्टरकी शिकले आणि १९६० नंतर काही वर्षे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. दवाखाना भरून वाहायचा. पण त्यांच्या ध्यानात आले की तीच दुखणी परत परत येतात. पोराचे जुलाब बरे करून घरी पाठवावे, तर तेच पाणी पिऊन ते पुन्हा आजारी. बाळंतिणी अगदी हाताबाहेर गेल्यावर येतात. म्हणजे दवाखाना कितीही मोठा केला तरी दुखणे गावातच पिकत राहणार. दोघे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला काम मांडले, तेही एका जुन्या गुरांच्या दवाखान्याच्या इमारतीत. जामखेड निवडले ते दुष्काळी, गरीब मुलूख म्हणूनच. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. आधी पाणी, पोटाला अन्न, मग औषध, असा क्रम त्यांनी लावला. हातपंप घेतले, गावोगाव तरुण शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे बांधली.

गावात राहायला शिकलेल्या नर्सबाई पाठवायचे त्यांनी करून पाहिले. ते जमेना. बाहेरची शिकलेली मुलगी गावात रुजत नव्हती आणि गावही तिचे ऐकत नव्हते. तेव्हा त्यांनी गावातलीच बाई निवडायला सांगितली. पुष्कळ जणी निरक्षर, कित्येक दलित, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचे, शिकायचे आणि परत गावी जायचे. पोराचे वजन कसे घ्यायचे, गरोदर बाई कशी तपासायची, स्वच्छ बाळंतपण कसे करायचे, जुलाबात काय पाजायचे, क्षय आणि कुष्ठरोग कसा ओळखायचा, आणि कोणता रोगी ताबडतोब दवाखान्यात पाठवायचा.

लोक म्हणाले, जिला अक्षर येत नाही ती डॉक्टरी काय करणार? पण सबंध शेती ज्यांनी तोंडी शिकून घेतली, त्यांना पोराचे वजन शिकायला काय अवघड होते! १९७१ च्या सुमारास त्या भागात हजार मुले जन्मली तर १७६ पहिला वाढदिवस बघत नव्हती. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या खाली आले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या निवडक प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघात अल्मा-आटा येथे सगळ्या देशांची परिषद भरली आणि आरोग्याची सुरुवात गावापासून करायची असा ठराव झाला. आज गावोगाव आशाताई फिरतात, ती योजना २००५ साली सुरू झाली. त्यांच्याकडे पाहिले की मला जामखेडच्या बायका आठवतात.

मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉ. आरोळे २०११ साली. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. जामखेडचे काम मात्र चालू आहे.

त्या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलल्या. दिवाणखान्यात छताला झुंबरे लखलखत होती. मुक्ताबाईंनी सांगितल्याचा मतितार्थ असा, की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत. देखणे, पण महाग, आणि आमच्यापासून लांब. मग त्यांनी जवळच्या दोन साध्या वातीच्या दिव्यांतला एक पेटवला आणि त्यावरून दुसरा लावला. आपण हा दिवा आहोत. झुंबर दुसऱ्या झुंबराला पेटवू शकत नाही, दिवा दुसऱ्या दिव्याला पेटवतो. सगळे सभागृह उभे राहिले म्हणतात.

मी एवढेच जोडीन, की आपल्याला दोन्ही हवेत. तात्यांच्या डोक्यातली गुठळी वातीच्या दिव्याने दिसली नसती. पण गावात तो दिवा लागला असता, तर तात्या झुंबराखाली वेळेवर पोचले असते. आणि त्याच्याही आधी, गोळी बंदच झाली नसती. आपण आता घरोघर यंत्रे घेतो आहोत. रक्तदाबाचे, साखरेचे, बोटाला लावायचे. मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात. यंत्र विकत मिळते. जाण मात्र एकाने दुसऱ्याला द्यावी लागते.

म्हणून आज माझ्याकडची जाण तुम्हाला देते. घरात जे कोणी शाळेत जाणारे असेल त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

रक्तदाब मोजायच्या आधी पाच मिनिटे शांत बसावे. रानातून आल्या आल्या, चहा-तंबाखू झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, लघवी तुंबलेली असताना मोजू नये. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलू नये. मिनिटभराने पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा वरचेवर येऊ लागला तर दवाखाना गाठावा. रक्तदाब बहुधा दुखत नाही. म्हणून 'मला काही होत नाही' हा दाखला धरू नये. आणि आकडा चांगला आला तर गोळी लागू पडते आहे असे समजावे. गोळी कमी करायची की बंद करायची हे वही पाहून डॉक्टर ठरवतील. पैशाची अडचण असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात जा. ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत.

लकव्याचे तीन इशारे पाठ करा. तोंड, हात, बोली. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? साधे वाक्य बोलायला सांगा, जीभ जड झाली का? यातले एक जरी दिसले तरी पहिले काम घड्याळ बघायचे आणि वेळ लिहायची. दुसरे काम १०८ नंबर फिरवायचा; ही गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नका, गिळता येत नसेल तर फुप्फुसात जाते. माणसाला कुशीवर ठेवा. तेल नाही, सुई नाही, पाला नाही. सी.टी.ची सोय कोणत्या दवाखान्यात आहे, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. आग लागल्यावर विहीर खणायला कोणी बसत नाही, मग यातच का बसावे?

आता तात्यांचे सांगते आणि थांबते.

गेल्या महिन्यात गावी गेले तर सकाळी तात्या घरात नव्हते. काकी म्हणाल्या, डेअरीवर बसलेत. मी गेले. दूध घालायला आलेल्यांची रांग होती आणि तात्या बाकावर यंत्र घेऊन बसले होते. नवीन सेल घातलेले. डाव्या हाताने पट्टा गुंडाळत होते, नातू वही लिहीत होता. समोरचा गडी म्हणाला, "तात्या, आकडा चांगला आला की. मग म्या गोळी कशापायी खाऊ?"

तात्यांची जीभ अजून जरा जड आहे. सावकाश, एकेक शब्द जोडून ते म्हणाले, "आज तुझ्या दुधाला फॅट चांगली लागली ना? मग उद्यापासून गाईची पेंड बंद करतो का?"

रांगेतले सगळे हसले. तो गडी काही हसला नाही. त्याने दुधाची किटली खाली ठेवली आणि विचारले, "मग गोळी जन्मभर घ्यायची का वो, तात्या?" तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पदर खोचला आणि बाकावर त्या गड्याशेजारी बसले. या वेळी चहा नंतर घेतला.

असो. घरात यंत्र असेल तर आज संध्याकाळी आपल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. आकडा विचारा, आणि गोळी घेतली का, तेही विचारा. पुढच्या अंकात भेटूच.